जेवायला जाताना, आणि उरलेलं घरी नेताना

जेवायचं बोलावणं आलं की किती जण येणार ते आदल्या दिवशीच कळवा. पुरण त्या हिशोबाने शिजतं. ऐनवेळी दोन माणसं वाढली तर भाताचा कुकर पुन्हा लावता येतो, पुरणपोळ्या नाही वाढवता येत.

नको असेल ते पहिल्याच वाढपाला हात आडवा धरून सांगा. पानात पडल्यावर नाही.

आता डब्याचं. वाढणारी माणसं जेवून उठेपर्यंत हा विषय काढू नये. पहिली पंगत उठते तेव्हा पातेलं भरलेलं दिसतं, डबे जातात आणि मागच्यांच्या वाट्याला नुसता आमटी-भात येतो. डबा घरच्यांनीच भरायचा. पाहुण्याने पातेल्यात पळी घालू नये. पहिल्यांदा ‘नको, कशाला’ म्हणायची रीत आहेच. दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्या, उगाच ताणू नका. उष्ट्या पानातलं मात्र डब्यात जाता कामा नये.

काय न्यावं? भात सकाळपासून ओट्यावर असेल तर नकोच. त्यातले काही जिवाणू शिजवूनही तग धरतात, बाहेर राहिलेल्या भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. दह्यातल्या कोशिंबिरीला पाणी सुटतं, भजी मऊ पडतात. दोन्ही तिथेच संपवलेली बरी. पुरणपोळ्या पूर्ण गार करून फडक्यात गुंडाळा. गरम रचल्या तर घाम सुटून एकमेकींना चिकटतात.

कटाची आमटी गरम असताना डब्यात कोंडू नका, आंबते. पसरट भांड्यात लवकर निवते. डबा पाऊणच भरा, झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा. स्कूटरच्या हुकाला लटकवलात तर पंचवटीतून सिडकोत पोचेपर्यंत निम्मी आमटी पिशवीत. पायाशी उभा ठेवा. शिजल्यापासून दोन तासांत सगळं फ्रिजमध्ये जायला हवं, एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरातच. खाताना लागेल तेवढीच काढून खळखळून उकळा.

डबा आठवड्याच्या आत परत करा, पण रिकामा नको: मूठभर साखर, चिवडा, हंगाम असेल तर द्राक्षांचा एखादा घड. देण्याआधी डब्यावरचं आणि झाकणावरचं कोरलेलं नाव जुळतंय का बघा. चार घरचे डबे एकत्र घासले की झाकणं हमखास बदलतात, आणि ते घरच्यांच्या लगेच लक्षात येतं.