गुडघा दुखतो म्हणून रिकीब बदलताय? आधी या चुका टाळा

ठाण्यात वाघबीळ ते माजिवडा हे अंतर रोज गाडीने कापणाऱ्याचा डावा गुडघा घोड्यावर बसायच्या आधीच कुरकुरत असतो. क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी घोडेस्वारी शिकायला लागले आणि दोन महिन्यांत उजवा गुडघा दुखायला लागला, तेव्हा मला नवलच वाटलं. दुखायचाच होता तर डावा दुखायला हवा होता.

मग सगळे करतात तेच मीही केलं. रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि घोट्याबरोबर हलणारी, बाजूला सांधे असलेली स्टिरपची जोडी मागवली. (म्हणजे खोगिराच्या दोन्ही बाजूंना पट्ट्याने लोंबणारी, पाऊल टेकवायची कडी. तबेल्यात सगळे स्टिरपच म्हणतात. रिकीब हा शब्द बखरींपुरता उरलाय, पण मला तो आवडतो, तेव्हा दोन्ही चालवून घ्या.) साडेसहा हजार गेले. गुडघा होता तिथेच.

शेवटी तबेल्यात घोड्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या सईसकाकांनी एक दिवस रिकिबींसकट दोन्ही पट्टे खोगिरावरून उतरवले आणि भिंतीतल्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी अडकवले. बक्कल दोन्हीकडे सहाव्या भोकात. तरी डावी रिकीब उजवीपेक्षा चांगली दीड बोट खाली लोंबत होती.

"ताई, लोखंड नवं आणलंत. चामडं कोण बघणार?"

भोकं मोजून निर्धास्त होणं

घोड्यावर चढतो आपण डावीकडून. दरवेळी अख्खं वजन आधी डाव्या पट्ट्यावर येतं आणि चामडं हळूहळू ताणतं. भोकांचे आकडे सारखे, लांबी मात्र वेगळी. मग कंबर एका बाजूला कलते, आखूड बाजूचा गुडघा सतत जास्त मुडपलेला राहतो आणि दुडकीत उठबस करताना तोच मार खातो. माझ्या उजव्या गुडघ्याचं कोडं एवढंच होतं.

महिन्यातून एकदा पट्टे खिळ्याला लावून बघा आणि डावा-उजवा अदलाबदल करा. चढताना ओटा किंवा भक्कम स्टूल वापरा. त्याने पट्टा कमी ताणतो, घोड्याची पाठ ओढली जात नाही, आणि एका पायावर गर्रकन वळताना गुडघ्याला बसणारा पीळही वाचतो. आतून नायलॉनची पट्टी असलेले पट्टेही मिळतात. ते फारसे ताणत नाहीत. नवीन रिकिबीआधी त्यांच्यावर पैसे घालावेत, असं माझं मत.

लांबी एकदाच ठरवणं

खाली उभं राहून हाताने माप घेतात ते ठाऊक असेलच: बोटांची टोकं खोगिरावरच्या पट्ट्याच्या कडीला टेकवायची, रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे. हा फक्त अंदाज. खरं माप वर बसल्यावर. पाय रिकिबीतून काढून सैल सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला, तर साध्या स्वारीसाठी लांबी बरोबर. उड्यांसाठी मुद्दाम आखूड करतात, पण ते पुढचं.

पट्टा आखूड असला की गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. लांब असला की पाय रिकीब शोधत राहतो, चवडे खाली झुकतात आणि पोटरी व घोटा भरून येतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पंधरावीस मिनिटांनी मांड्या सैल पडतात, माणूस खोगिरात खाली बसतो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेली लांबी आखूड वाटायला लागते. तेव्हा लाजू नका. घोडा थांबवा, एक भोक खाली घ्या. भोकांमध्ये साधारण एक इंचाचं अंतर असतं, ते जास्त होत असेल तर मध्ये अर्धं भोक पाडून घ्या, पण दोन्ही पट्ट्यांना.

टाच दाबणं

"टाच खाली!" हे रिंगणात इतक्यांदा ऐकू येतं की माणूस टाच खाली ढकलायलाच लागतो. ढकलली की घोटा कुलूप लावल्यासारखा घट्ट होतो. मग घोड्याच्या प्रत्येक पावलाचा हिसका घोट्यात न जिरता थेट गुडघ्यात जातो. टाच वजनाने आपोआप उतरायला हवी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात, त्यांची टाच सुरुवातीला तळव्याच्या पातळीतच राहील. राहू द्या. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून पोटऱ्या ताणायची सवय लावा.

गुडघ्याची आतली बाजू दुखत असेल तर तुम्ही बहुधा गुडघ्यांनी खोगीर आवळताय. ते मांड कच्ची असल्याचं लक्षण आहे, त्यावर कुठल्याही दुकानात औषध नाही. एवढं मात्र तपासा, की पट्टा नडगीला सपाट टेकतोय ना. त्याची कड टोचत असेल तर तो उलटा पिळलाय, पाय काढून पुन्हा घाला.

आता रिकीब

हे सगळं करूनही दुखत असेल तर खुशाल खरेदी करा, पण दुखणं कुठलं ते ओळखून.

तळवा बधिर होतो, बोटांना मुंग्या येतात: रुंद तळाची रिकीब घ्या. वजन मोठ्या जागेवर पसरतं. लांब पल्ल्याची रपेट करणारे याच वापरतात, बऱ्याचदा खाली मऊ गादीही असते.

घोटा ताठ आहे, हिसके सोसत नाहीत: सांध्याची रिकीब उपयोगी पडते. पण घोटा पूर्वी मुरगळलेला आणि लटपटता असेल तर ती जास्त हलते आणि त्रास वाढतो. अशांनी स्थिर, रुंद तळच घ्यावा. मला हे पैसे देऊन कळलं.

पट्ट्याच्या पिळामुळे गुडघा वळल्यासारखा वाटतो: वरची कडी आडवी फिरवलेल्या रिकिबी मिळतात. त्या पायासमोर आपोआप तोंड करून राहतात आणि पट्ट्याला पीळ पडत नाही. गुडघ्याच्या जुन्या दुखण्याला मला याच सगळ्यात जास्त पटल्या.

पाय एका कडेवर कलतो: रबराच्या तिरप्या पट्ट्या आत बसवता येतात. कुठली कड उंच हवी ते शिक्षकाला मागून बघायला सांगून ठरवा. अंदाजाने बसवली तर घोट्याचं दुखणं गुडघ्यात जाईल.

मापात मात्र तडजोड नको. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा रिकीब साधारण एक इंच रुंद हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. अरुंद असली तर पडताना पाय अडकतो, फार रुंद असली तर अख्खा पाय आरपार जातो. आणि त्यानंतर घोडा पळाला तर फरफट. वजनाचंही तसंच. हलकी प्लास्टिकची रिकीब पाय सुटला की फडफडते, जड पोलादी सरळ लोंबत राहते आणि पायाला लगेच सापडते. एका बाजूला रबराचं कडं असलेल्या सुरक्षा रिकिबी लहान मुलांना छान. कडं नेहमी बाहेरच्या बाजूला हवं. वजनदार माणसाने त्या वापरू नयेत, उघड्या बाजूमुळे तळ वाकतो.

बूट आणि माथेरान

ठाण्या-नव्या मुंबईकरांची पहिली स्वारी बहुतेक माथेरानला, दस्तुरी नाक्यावरून होते, आणि तीही फ्लोटर्स घालून. थोडीशी टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बंद बूट हवा. जाड तळाचा स्पोर्ट्स शू रिकिबीत रुतून बसतो. तिथल्या रिकिबी आदल्या गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाला बांधलेल्या असतात. निघण्याआधी "मामा, जरा दोन भोकं खाली घ्या" एवढं म्हणायचं असतं. कुणी नाही म्हणत नाही.

गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, रात्री झोपमोड होत असेल तर हा लेख बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात विसरणं

आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामड्यावर पांढरी बुरशी हमखास येते. पट्टे कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्यावर टांगा, सॅडल सोप (खोगिराच्या चामड्याचा साबण) लावा. कडक उन्हात वाळवले तर चामडं तडकतं. बक्कलाजवळची शिवण अंगठ्याने दाबून बघा, दोरा आतून कुजतो आणि वरून कळत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या डाव्या पट्ट्याचे तीन टाके असेच हातात आले. नवी जोडी येईपर्यंत काकांनी मला पंधरा दिवस बिनरिकिबीचं, पाय सैल सोडून चालवलं. मांड्या ठणकल्या, गुडघा एकदाही बोलला नाही. नवे पट्टे आल्यावरही काका पहिली दहा मिनिटं ते चढवू देत नाहीत.