साल काढायला निघण्यापूर्वी

कुड्याची किंवा सातविणीची साल काढायला निघताना कोयता, सुतळी, गोणपाट आणि पाणी घ्यावे. पायांत घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, कारण कातळावरच्या गवतात फुरसे असते. मात्र या सगळ्याच्या आधी पिशवीत कोऱ्या चिठ्ठ्या, शिसपेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रे टाकावीत. गेल्या खेपेस बाकी सर्व सोबत होते, चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या. निरनिराळ्या झाडांची साल घरी येऊन एकत्र झाली आणि वैद्यांनी तिला हातही लावला नाही. ते योग्यच होते. झाडांना झालेली इजा मात्र फुकट गेली, म्हणून ही यादी.

परवानगीचा प्रश्न घरीच मिटवावा. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये साल ही वनोपज म्हणून नावानिशी दिलेली आहे, मग ती जंगलातून आणलेली असो वा नसो. त्यामुळे आपल्या मालकीच्या वाडीतली साल असली तरी ती बाहेर नेण्यापूर्वी वनरक्षकाला किंवा परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. देवराईतल्या झाडाला हात लावू नये. खऱ्या अशोकाच्या, म्हणजे सीता अशोकाच्या, रानातल्या झाडालाही लावू नये. ही झाडे आधीच कमी उरली आहेत.

साल शरदात काढावी असे आयुर्वेदाची परंपरा सांगते आणि कोकणात त्याला व्यवहाराचीही जोड आहे. परतीचा पाऊस संपल्याशिवाय साल वाळत नाही, आणि फार उशीर केला तर कुड्याची पाने झडून ओळखीची मोठी खूण हातची जाते. ऑक्टोबरच्या अखेरीस झाडावर पानेही असतात आणि शेंगाही असतात. तोच काळ धरावा.

आता ओळख. येथे घाई करणाऱ्याने साल काढायला जाऊच नये. आपल्याला हवा तो पांढरा कुडा. त्याची पाने समोरासमोर असतात, मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना आडव्या शिरांच्या अनेक जोड्या निघतात, पान तोडले की पांढरा चीक येतो, आणि लांब, सडपातळ शेंगा जोडीने लोंबत असल्या तरी त्यांची टोके एकमेकींपासून सुटी असतात. काळ्या कुड्यालाही चीक असतो, पण त्याच्या कोवळ्या शेंगांची टोके जुळलेली असतात. पांढऱ्याचे बी कडू इंद्रजव आणि काळ्याचे गोड इंद्रजव. पांढऱ्याच्या सालीत काळ्याची साल मिसळली जाते ही जुनी तक्रार आहे. त्यात औषधाचा गुण जातो. काजरा मिसळला तर माणूस जातो.

काजरा आपल्याकडे सर्रास आहे. त्याची पानेही समोरासमोर असतात, परंतु ती चकचकीत असतात, देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा पानभर जातात, आणि चीक मुळीच नसतो. फळ लहान संत्र्याएवढे आणि पिकल्यावर नारिंगी होते. त्याच्या बियांत आणि सालीतही स्ट्रिक्नीन व ब्रुसीन ही विषे असतात, त्यांनी स्नायू आखडून झटके येतात. साल चाखून ओळखता येते असे कोणी सांगितले तर ऐकू नये, कारण कुडाही कडू, सातवीणही कडू आणि काजराही कडूच. सातविणीची पाने एका पेरावर चक्राकार, बहुधा सातच्या आसपास असतात आणि तिलाही चीक असतो. दिवसाउजेडी ती चुकणे कठीण आहे. तुळुनाडूत, म्हणजे मंगळूर-उडुपीकडच्या किनारी भागात, आषाढी अमावास्येला सातविणीच्या सालीचा रस पितात आणि ती साल उजाडण्यापूर्वी काढण्याची रीत आहे. त्या अंधारात काजऱ्याची साल हाती येण्याचा धोका तिथले जाणकार वारंवार सांगतात. पान, चीक, शेंग या तिन्ही खुणा पटल्याशिवाय कोयता काढू नये, आणि एखादी जरी अडली तरी झाड सोडून द्यावे.

साल खोडाभोवती गोलाकार कधीही काढू नये. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरते. वेढा पुरा कापला की मुळे उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. खोडावरून काढायचीच असेल तर उभी, अरुंद पट्टी काढावी आणि लाकडाला चिकटलेला आतला थर राहू द्यावा, म्हणजे जखम भरून येते. कुड्याच्या बाबतीत तर बाजूची एखादी फांदी कापून तिचीच साल सोलावी, कारण कुडा तोडल्या जागी जोमाने फुटतो.

सोलून झाली की पुढच्या झाडाकडे पाऊल टाकण्यापूर्वी चिठ्ठी. घरी गेल्यावर नव्हे, वाटेतही नव्हे, त्याच झाडाखाली. झाडाचे नाव, जागा, दिनांक आणि ओळखणाऱ्याचे नाव शिसपेन्सिलीने लिहावे, कारण शाई दमट हवेत पसरते. एक चिठ्ठी मोळीच्या आत ठेवावी आणि दुसरी बाहेर सुतळीला बांधावी. त्याच झाडाची पानांची डहाळी, मिळाल्यास शेंगेसह, वर्तमानपत्रात दाबून मोळीसोबत ठेवावी. मोबाइलवर फोटो काढला आहे ही सबब चालणार नाही, कारण तो मोळीला बांधलेला नसतो. सोललेली साल वाळून वळली की जाणत्या माणसालाही नुसत्या नजरेने खात्री देता येत नाही. म्हणून चिठ्ठी आणि डहाळी, दोन्ही.

वाळवण पडवीत, सावलीत, एकेरी थरात घालावे आणि रोज परतावे. प्रत्येक झाडाचे गोणपाट वेगळे, त्यावर त्याचीच चिठ्ठी. बुरशी दिसली तर ती साल टाकून द्यावी, पुसून वापरू नये.

तुकडा कट्कन मोडू लागला की गोणीत भरावे, प्लास्टिक नको. चिठ्ठी गोणीत गेली की नाही ते तोंड शिवण्यापूर्वी पाहावे. घरच्या घरी काढा करून कोणाला देऊ नये, मात्रा वैद्य ठरवतील. पूडही करू नये, पुडीची ओळख पटवणे फारच अवघड. तुकडेच द्यावेत, सोबत डहाळी द्यावी.