मोबाइल नोटरीचं काम सुरू करताय? मग प्रिंटर-स्कॅनरची ही तयारी आधी करा

अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता मोबाइल नोटरी (लोकांकडे जाऊन नोटरी करणं) आणि लोन सायनिंगकडे (घरकर्जाच्या कागदांवर सह्या करून घेणं) वळतायत, कोणी ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात आल्यावर, कोणी नोकरी सांभाळून, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, प्रिंटर कुठला घेऊ? मी न्यू जर्सीत हे काम करते त्यामुळे इथल्या हिशोबाने सांगते. प्रत्येक स्टेटचे नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी तर क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराच्या शेवटच्या सह्या, वकिलाच्याच हाताखाली व्हावं लागतं, तेव्हा तुमच्या स्टेटमध्ये हे काम कितपत मिळतं ते आधी बघा आणि मगच मशीनवर पैसे घाला.

आधी कामाचा अंदाज घ्या. रिफायनान्सचं, म्हणजे जुनं घरकर्ज बदलून नवीन घेण्याचं, एक पॅकेज म्हणजे साधारण शंभर ते दोनशे पानं, आणि ती दोनदा छापायची, एक सेट सह्या होऊन परत जातो, दुसरा बॉरोअरकडे म्हणजे कर्जदाराकडे राहतो. म्हणजे दीडशे पानांचं पॅकेज धरलं तरी एका अपॉइंटमेंटला तीनशे कागद गेले. त्यात डॉक्युमेंट्स कधी आदल्या संध्याकाळी येतात तर कधी तुम्ही निघायच्या तासभर आधी, आणि टर्नपाइकवरचं ट्रॅफिक काही तुमच्यासाठी थांबत नाही. मिनिटाला ४० पानांचा लेझर प्रिंटर असेल तर हे काम आठेक मिनिटात उरकतं, घरातल्या साध्या इंकजेटवर तेच करायला बसलात तर अर्धा तास कुठेच गेला नाही, वर शाई संपायची धाकधूक. म्हणून पहिली गोष्ट पक्की करा: ब्लॅक अँड व्हाइट लेझर. कलर लागत नाही. इंकजेटची बरीचशी शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते, आणि मॉर्टगेजचा कागद काउंटीत रेकॉर्डला जायचा असतो, तो स्वच्छ आणि काळाकुळकुळीतच हवा.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, दोन ट्रे. पॅकेजमध्ये लेटर म्हणजे ८.५ बाय ११ इंच आणि लीगल म्हणजे ८.५ बाय १४ इंच अशी दोन्ही पानं मिसळलेली असतात, चार लेटर, मग एक लीगल, परत सात लेटर. एकच ट्रे असेल तर प्रत्येक लीगल पानाला प्रिंटर थांबणार आणि तुम्ही कागद बदलत बसणार, नाहीतर कंटाळून सगळं लेटरवर दाबून छापणार, आणि तसं छापलेलं पॅकेज टायटल कंपनी (घराच्या मालकीचे कागद तपासून व्यवहार पार पाडणारी) परत पाठवू शकते. ब्रदरचा एचएल-एल६२००डीडब्ल्यू किंवा एचपीचा लेझरजेट प्रो एम४०४ हे या कामात खूप जण वापरतात, कारण त्यांना खाली जादा ट्रे लावता येतो. आता हीच मॉडेलं दुकानात मिळतील असं नाही, नवीन येत राहतात, तेव्हा नाव पाठ करू नका, घेताना एवढंच बघा की दुसरा ट्रे पूर्ण आकाराचा लावता येतो का आणि त्यात लीगल बसतो का. पुढचा पन्नास पानांचा मल्टिपर्पज ट्रे म्हणजे दुसरा ट्रे नव्हे, त्याच्यावर गुजराण होत नाही.

टोनरचा हिशोब मशीनच्या किमतीआधी करा. एल६२०० ला तीन आकाराचे टोनर चालतात, ३,०००, ८,००० आणि १२,००० पानांचे, आणि ड्रम (टोनर कागदावर उमटवणारा रूळ) वेगळा असतो, तो सुमारे ३०,००० पानांनी बदलावा लागतो. दर पानाला किती सेंट पडतात ते काढा, मोठा टोनर महाग दिसतो पण पानाला स्वस्त पडतो. आणि इंटरनेटला कायम जोडलेला असेल आणि कंपनीचंच कार्ट्रिज असेल तरच चालणारे जे प्रिंटर आलेत ते या कामाला नकोत, ऐन वेळेला वायफाय गेलं तर काय करणार? कागद २० पाउंडचा म्हणजे आपल्या ७५ जीएसएमचा पुरतो. लीगलची एक रीम जास्तीची ठेवाच, लेटर कुठेही मिळतो, लीगल रात्री नऊला शोधून दाखवा.

सेटिंगचं जरा सविस्तर सांगते कारण गाडी नेमकी तिथेच अडते. अॅडोबी रीडरमध्ये प्रिंट उघडलं की फिट वगैरे नको, अॅक्चुअल साइज घ्या, आणि त्याच्याच जवळ एक चौकट असते, पीडीएफच्या पानाच्या आकारावरून पेपर सोर्स निवडा अशा अर्थाची, तिच्यावर टिक करा. मग प्रिंटर आपोआप लेटर वरच्या ट्रेमधून आणि लीगल खालच्या ट्रेमधून ओढतो. त्यासाठी प्रिंटरच्या मेनूत ट्रे १ ला लेटर, ट्रे २ ला लीगल असं एकदा सांगून ठेवावं लागतं. दोन्ही बाजूंनी छापायचं बंद ठेवा, परत जाणारा सेट एका बाजूनेच लागतो. आणि आपल्या लोकांसाठी खास, लॅपटॉप भारतातून आणलेला असेल किंवा विंडोजमध्ये रिजन अजून इंडिया असेल तर डीफॉल्ट कागद ए४ धरला जातो, मग ट्रे गच्च भरलेला असूनही प्रिंटर ए४ घाला म्हणून दिवा मिचकावत बसतो. रिजन बदला, ड्रायव्हरमध्ये लेटर करा, विषय संपला.

आता स्कॅनर. काम देणाऱ्या बऱ्याच कंपन्या सह्या झाल्यावर पॅकेट फेडेक्स किंवा यूपीएसला टाकायच्या आधी सगळं स्कॅन करून मागतात, त्याला स्कॅनबॅक म्हणतात, आणि पानं तपासून होईपर्यंत पाकीट बंद करू देत नाहीत. सह्या झालेली दीडशे पानं एकेक करून काचेवर ठेवणं अशक्य, म्हणून वरून गठ्ठा घालता येईल असा स्कॅनर हवा, निदान पन्नास पानं एकदम घेणारा आणि लीगल लांबी झेपणारा. स्कॅनस्नॅप आयएक्स१६००, एप्सनचा ईएस-४००, ब्रदरची एडीएस सीरिज ही या वर्गातली मशीनं. दोन पानं एकदम आत गेली तर ओळखणारा सेन्सर त्यात असायलाच हवा, कारण एक पान चिकटून निसटलं तर तुम्हाला कळणार नाही, पलीकडच्या माणसाला कळेल आणि तोपर्यंत पाकीट गेलेलं असेल. ३०० डीपीआय, ब्लॅक अँड व्हाइट, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, कोरी पानं गाळायचं फीचर बंद, नाहीतर जवळजवळ कोरी पण मोजणीतली पानं उडून जातात. कलरमध्ये केलंत तर फाइल इतकी फुगते की पोर्टल घेत नाही.

शिक्क्याकडे लक्ष द्या. न्यू जर्सीत २०२१ च्या कायद्यानंतर नोटरीला शिक्का आणि जर्नल (केलेल्या कामांची नोंदवही) दोन्ही सक्तीचं झालंय, आणि शिक्क्याची शाई फिकी पडली की ब्लॅक अँड व्हाइट स्कॅनमध्ये अर्धी अक्षरं गायब होतात. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये डार्कनेस थोडा वाढवून बघा, तरी दिसत नसेल तर पॅड बदला. आणि एक बारीक गोष्ट, आतल्या काचेच्या पट्टीवर धुळीचा कण जरी बसला तरी प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत एक उभी काळी रेघ उमटते, थेट सहीवरून जाते. दर मोठ्या गठ्ठ्याआधी झाकण उघडून मऊ कोरड्या फडक्याने ती पट्टी पुसा. स्टेपल आणि क्लिप काढल्यात ना तेही बोट फिरवून बघा.

ऑल-इन-वन घ्यावा का असं खूप जण विचारतात. जागा कमी असेल आणि काम नुकतंच सुरू असेल तर चालेल, पण बहुतेकांत ट्रे एकच असतो आणि मशीन बिघडलं की छपाई आणि स्कॅन दोन्ही एकदम बंद. मी वेगळेच घ्या म्हणेन.

गाडीत काय ठेवायचं? लेझर प्रिंटर गाडीत चालवायचा विचार असेल तर नीट ऐका, फ्यूजर (टोनर कागदावर चिकटवणारा गरम भाग) तापताना काही मशीनं हजार वॅटच्या वर खेचतात, सिगारेट लायटरचं सॉकेट दीडशेच्या आसपासच देतं. त्यासाठी थेट बॅटरीला जोडलेला प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा दणकट पॉवर स्टेशन लागतं. शिवाय जानेवारीच्या थंडीत कागद दमट होतो, मशीन एकदम गरम जागी आणलं की आत ओल धरते. माझं मत असं की मोठा प्रिंटर घरीच असू द्या. गाडीत बॅटरीवरचा छोटा इंकजेट ठेवा, कॅननचा टीआर१५० किंवा एचपीचा ऑफिसजेट २०० सारखा, ऐन वेळी एखादं पान बदलून आलं तर तेवढं छापायला. सोबत यूएसबीवर चालणारा कांडीसारखा स्कॅनर, ब्रदरचा डीएस-६४० वगैरे. त्यावर पूर्ण पॅकेज करायला जाऊ नका, एकेक पान हाताने घालून जीव जातो, पण दुरुस्तीची दोन पानं बॉरोअरच्या डायनिंग टेबलावरून पाठवायला उत्तम.

आपल्या मराठी मंडळींचं एक काम हमखास येतं, पुण्यातला फ्लॅट विकायचाय, नाशिकची जमीन भावाच्या नावाने बघायचीय, त्यासाठी पॉवर ऑफ अॅटर्नी. तिकडच्या वकिलाने मजकूर बहुतेक वेळा ए४ वर पाठवलेला असतो, तो लेटरवर दाबून छापला की तळाच्या ओळी आणि सहीची जागा सरकते. म्हणून ए४ चं एक पाकीट घरात ठेवा. नोटरी झाल्यावर कागद अपॉस्टिलला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी दाखला घ्यायला, न्यू जर्सीच्या ट्रेझरी खात्याकडे जातो, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिकडे स्टॅम्प ड्युटी भरायची असते. त्यामुळे पाठवायच्या आधी सगळ्या पानांचा नीट स्कॅन घरच्यांकडे देऊन ठेवा. आईवडील तिकडे वकिलाच्या दारात उभे असतात हो, त्यांना दोनदा हेलपाटा पडू देऊ नका.

आणि गुप्ततेत अजिबात ढिलाई नको. त्या कागदांत लोकांचा सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचा अकाउंट, पगार, सगळं असतं, १९९९ चा ग्रॅम-लीच-ब्लायली कायदा याच्याचसाठी आहे. कॉपी सेंटरवर किंवा लायब्ररीत छापू नका. चुकलेलं पान कचऱ्यात नाही, बारीक तुकडे करणाऱ्या श्रेडरमध्ये. कंपनीने स्कॅन मिळाला म्हटलं की लॅपटॉपमधल्या फाइली काढून टाका, डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिनसकट. जुना प्रिंटर विकायचा असेल तर आधी फॅक्टरी रीसेट.

पहिली अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी घरीच लेटर-लीगल मिसळलेली एक पीडीएफ बनवा, दोनदा छापा, पानं मोजा, सह्या म्हणून काहीतरी खरडा, स्कॅन करा, आणि ती फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत डोळ्याखालून घाला. हे सगळं घड्याळ लावून करा, कारण कंपनीने फोनवर कितीची वेळ जमेल विचारलं की तोच आकडा तुम्हाला लागणार आहे. मशीन, टोनर, कागद सगळ्याची बिलं एका फोल्डरमध्ये टाकत जा, टॅक्स रिटर्नमधलं शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याचा फॉर्म) भरताना हा धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो.