नहराच्या पाळीवरून सायकलने लांबचा पल्ला

इंग्लंडमधील जुन्या कालव्यांच्या काठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी तयार झाली, म्हणून ती बहुतेक पुलांखालूनही सलग जाते. आपल्याकडील नहराची पाळ, म्हणजे कालव्याकाठचा बांध, मात्र पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी असते आणि ती नाल्यापाशी, जलसेतूपाशी किंवा एखाद्या दरवाज्यापाशी अचानक तुटते. त्यामुळे पाळीवरचा प्रवास किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावा. डांबरी रस्त्यावर ताशी वीस किलोमीटर सहज कापणाऱ्याने येथे दहा-बाराच धरावेत.

पहिल्या मोठ्या फेरीसाठी मला नागपूर जिल्ह्यातील पेंच प्रकल्पाचा उजवा कालवा योग्य वाटतो. पारशिवनीजवळच्या नवेगाव खैरी धरणावरून उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात, आणि नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे या उजव्या कालव्यातूनच आला. कामठी-कन्हानमार्गे पारशिवनी गाठून तेथून पाळ धरावी. धरणाजवळ आणि पाणी उचलण्याच्या ठिकाणी चौकीदाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. निघण्याच्या आदल्या दिवशी उपग्रह नकाशावर पाळ कोठे तुटते आणि कोणत्या पुलावरून गावाकडे उतरता येते, ते टिपून ठेवावे; ही अर्ध्या तासाची मेहनत मी कधीच टाळत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात मुरूम वाहून गेलेल्या जागी काळी माती चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये चाक फिरेनासे होते. मे महिन्यात तर पाळीवर सावलीच नसते. कालव्याचा उतार इतका अल्प असतो की तो पायांना जाणवत नाही, जाणवतो तो वारा. म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा टप्पा सकाळी, अंगात ताकद असताना संपवावा.

खरा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. टायर किमान 40 मिलिमीटर रुंद असावा, दोन जादा ट्यूब सोबत असाव्यात आणि ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवून काटा शोधून काढावा, कारण टोक आत राहिले तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते. पिण्याचे पाणी तीन लिटर घ्यावे; कालव्याचे पाणी तसेच पिऊ नये.

त्या पाण्यात पोहण्याचा किंवा पाय धुण्याचा मोह तर ठामपणे टाळावा. अस्तरीकरण केलेले तिरपे काठ शेवाळाने निसरडे होतात आणि पाणी सोडलेले असताना चांगल्या पोहणाऱ्यालाही पकड मिळत नाही. पाळ अरुंद असेल तेथे उतरून, सायकल पाण्याच्या बाजूला ठेवून आणि स्वतः शेताच्या बाजूने चालावे. रानडुकरांसाठी शेताच्या बांधावर लावलेल्या तारांमध्ये वीज असू शकते, म्हणून कुंपणाला हात लावू नये. पेंचच्या जंगलालगतच्या भागात वाघ-बिबट्याचा वावर असल्याने पहाटे आणि दिवेलागणीला पाळीवर थांबू नये. सूर्य चांगला वर आल्यावर निघावे आणि चार वाजता जवळच्या पुलावरून डांबरी रस्त्याला लागावे.

धान कापणीच्या दिवसांत शेतकरी पाळीवर धान वाळत घालतात. तेथे सायकलवरून उतरावे, कडेने जावे, आणि दिसणाऱ्या माणसाला पुढची वाट विचारावी. पुढचा पूल खचला आहे की नाही, हे नकाशापेक्षा त्यालाच नेमके ठाऊक असते.