बेळगावहून लाइव्हअबोर्डवर डायव्हिंगला जाताना या चुका टाळा

आपल्याकडे पोहणं शिकतात ते विहिरीत. पाठीला डबा बांधायचा, काठावरून ढकलायचं, आठ दिवसांत पोरगं मुटके मारायला लागतं. खानापूरकडे मलप्रभेत, निपाणीकडे वेदगंगेत हाच प्रकार. स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली फिरायला, जाताना ही तयारी निम्मी कामाची आणि निम्मी घातक. पाण्याची भीती नसते, हा फायदा. श्वास कोंडायची, हात मारायची आणि तळ गाठून यायची सवय, हा तोटा. लाइव्हअबोर्ड म्हणजे मुक्कामी बोट. सहा-सात दिवस राहणं, जेवण, झोप बोटीवरच आणि रोज तीन-चार डाइव्ह. एक दिवसाच्या ट्रिपमध्ये खपून जाणारी चूक इथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते.

पहिली चूक बुकिंगच्या वेळीच होते. मालवण-तारकर्लीला किंवा मुर्डेश्वरहून नेत्राणीला इन्स्ट्रक्टरने मागून धरून वीस मिनिटं फिरवून आणलं, म्हणजे डायव्हिंग येतं असं नव्हे. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सची खोलीची मर्यादा १८ मीटर, पुढच्या ॲडव्हान्स्डची ३०. मालदीवमध्ये बघण्यासारखं बरंच काही २० ते ३० मीटरच्या पट्ट्यात, तेही वाहत्या पाण्यात असतं. म्हणून तिथल्या बऱ्याच बोटी ॲडव्हान्स्ड कार्ड आणि ५० च्या आसपास डाइव्ह मागतात. ३० मीटरच्या खाली जायला तिथल्या नियमांनीच बंदी आहे, गाइडशी हुज्जत घालून उपयोग नाही. कार्ड मिळून वर्ष झालं असेल आणि मध्ये पाण्यात उतरला नसाल, तर आधी किनाऱ्यावर रिफ्रेशर करा आणि मग बोटीवर चढा.

श्वास कोंडणं

विहिरीत सूर मारताना छाती भरून घेतो ती हवा काठावरची. खाली ती दबते, वर आलं की पुन्हा मूळ मापाची होते. स्कूबात १० मीटरवर घेतलेला श्वास दुप्पट दाबाचा असतो. तो कोंडून वर आलात तर पाण्याबाहेर येईपर्यंत त्याचा आकार दुप्पट व्हायला बघतो आणि फुप्फुस फाटतं. हे फक्त खोलवर होतं असा समज आहे, गणित मात्र उलटं सांगतं. ३० मीटरवरून २० वर येताना हवा एक-तृतीयांशाने फुगते, १० वरून वर येताना दुप्पट. धोका सगळ्यात जास्त तो शेवटच्या काही मीटरांत, जिथे ऊन दिसायला लागतं आणि माणूस घाई करतो. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा भाग, तोंडातून निघालाच तर तो सापडेपर्यंत बारीक "आऽऽ" करत बुडबुडे सोडत राहा.

हवा सगळ्यांच्या आधी का संपते

हिशोब करून बघा. ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरलेली, त्यातले ५० बार राखीव. वापरायला उरते १,६५० लिटर. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे ६० लिटर. सत्तावीस मिनिटांत खेळ संपला. हाताने पोहणारा यापेक्षाही आधी संपवतो, कारण पाण्याखाली हात मारून दम लागतो आणि पुढे मात्र सरकत नाही. हात पोटाशी बांधा आणि पायातल्या फिनने मांडीपासून सावकाश मारा.

यावर काही जण भलताच उपाय काढतात. श्वास घेतला की दोन-चार सेकंद धरून ठेवायचा, म्हणजे हवा पुरते. पुरत नाही. अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं ठणकतं आणि पुढे दम जास्तच लागतो. दुपारच्या डाइव्हनंतर रोज डोकं दुखत असेल तर आधी हे तपासा, मग पिण्यात पाणी कमी पडतंय का ते, मग मास्कचा पट्टा फार आवळला आहे का ते. श्वास लांब आणि संथ हवा, अडवलेला नको.

हवा भसाभस संपायचं दुसरं मोठं कारण कमरेला असतं. वजनं. सराव बेळगाव-धारवाडच्या तलावात झाला असेल तर तिथलं वजन समुद्रात चालणार नाही. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे तुम्ही आणि सामान मिळून ९० किलो भरत असाल तर समुद्रात सव्वादोन किलो वजन जास्त लागतं. पण भीतीपोटी लोक पाच-सहा किलो चढवतात. मग खाली गेल्यावर बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटात, सारखी हवा भरावी लागते, अंग उभं राहतं, पाय लोंबतात आणि फिन प्रवाळावर आपटतात.

मोजायची रीत अशी. पहिल्या दिवशी बोटीजवळ उथळ पाण्यात, पूर्ण सामानासकट, बीसीडी रिकामी करून नेहमीएवढा श्वास धरा आणि स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडालात तर वजन बरोबर. ही तपासणी भरल्या सिलिंडरवर केली असेल तर २ किलो वाढवा, कारण २०० वरून ५० बारवर येईपर्यंत सिलिंडरमधली साधारण तेवढ्या वजनाची हवा निघून जाते. ५ मीटरवर थांबायला जमत नाही, कोणी वर ओढतंय असं वाटतं, तर दोनच शक्यता. वजन खरंच कमी आहे, किंवा बीसीडीत हवा अडकली आहे. नळी डोक्याच्या वर सरळ धरून हवा सोडायचं बटण दाबा. डोकं खाली असताना नळी काही सोडत नाही, तेव्हा मागच्या बाजूची दोरी ओढायची.

कान

चोर्ला उतरून गोव्यात पोचेपर्यंत कानाला दडे बसतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या अख्ख्या घाटात कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम एका मीटरला वाढतो. म्हणजे २० मीटरची डाइव्ह कानाच्या हिशोबाने वीस-बावीस घाट, तेही तीन मिनिटांत. दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकणं ही नेहमीची चूक. दुखायच्या आधी, पहिल्या मीटरपासून, दर मीटरला हलकेच फुंका. कान मोकळा झाला नाही तर एक मीटर वर या, गिळा, पुन्हा करा. जोर लावला तर पडदा जातो आणि उरलेली ट्रिप डेकवर बसून काढावी लागते. सर्दी असताना गोळी किंवा नाकातला स्प्रे मारून उतरू नका. औषधाचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा कानात कोंडते.

मिशीवाल्यांचा मास्क गळतो. पट्टा आवळून गळती वाढतेच. नाकपुड्यांखालची तीन-चार मिलिमीटरची पट्टी तेवढी भादरली की मिशी शाबूत आणि मास्कही बसतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्याचा थर असतो, तो टूथपेस्टने आतून तीन-चार वेळा घासल्याशिवाय धुकं जायचं नाही.

उडी मारायच्या आधीचे तीन श्वास

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पाचव्या दिवशी सगळे तीच गाळतात. रेग्युलेटरमधून तीन मोठे श्वास घ्या, डोळे हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्यावर. काटा स्थिर हवा. श्वासागणिक खाली जाऊन परत येत असेल तर सिलिंडरची चावी अर्धवट उघडी आहे. डेकवर श्वास नीट येतो, २० मीटरवर येत नाही. पूर्ण उघडून अर्धा आटा मागे फिरवायची जुनी सवय सोडा, त्यातूनच कोणीतरी चुकीच्या बाजूला फिरवतो. काटा पडून तिथेच राहिला तर चावी बंदच आहे.

सिलिंडरच्या तोंडाशी सूं-सूं आवाज येत असेल तर क्लॅम्प आवळत बसू नका. हवा बंद करा, रेग्युलेटर काढा, खाचेतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघा. चिरलेली, चपटी झालेली किंवा वाळू लागलेली असेल तर बदलून मागा. डाइव्हनंतर फर्स्ट स्टेजची, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला बसणाऱ्या भागाची, टोपी कोरडी पुसून बसवा आणि मगच गोड्या पाण्यात बुचकळा. पाण्यात असताना तोंडाकडच्या भागाचं हवा सोडायचं पर्ज बटण दाबलं तर पाणी आत जातं.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेणाऱ्यांनी सिलिंडर स्वतः मोजायचा, दुसऱ्याने मोजलेल्यावर विसंबायचं नाही. ऑक्सिजन मोजायचं मीटर आधी साध्या हवेवर २०.९ टक्क्यांना लावा, मग सिलिंडर, मग आकडा पट्टीवर लिहा. ३२ टक्क्यांची खोलीची मर्यादा, ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायच्या हिशोबाने, ३३ मीटरच्या जरा पुढे. खरी गफलत खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये होते. सिलिंडर साध्या हवेचा आणि कॉम्प्युटर ३२ वर राहिलेला, म्हणजे अंगात जातो त्यापेक्षा कमी नायट्रोजन तो धरतो आणि खाली जास्त वेळ दाखवतो.

वाहतं पाणी

मालदीवमध्ये खाडीसारख्या अरुंद वाटांना कंडू म्हणतात. तिथून पाणी प्रवाळकड्यांच्या वलयात आत-बाहेर धावतं आणि त्याच्या तोंडाशी शार्क दिसतात. प्रवाहात एका जागी थांबायला दोरीचा आकडा वापरतात, तो मेलेल्या खडकातच अडकवा. सोडायच्या आधी बीसीडीतली जास्तीची हवा काढा, नाहीतर सुटल्या सुटल्या फुग्यासारखे वर जाल. पाणी खाली खेचायला लागलं तर सरळ वर झगडू नका, आडवे कड्यापासून बाहेर निघा.

वर येताना पाण्यावर खूण म्हणून सोडायचा लांबट फुगा, म्हणजे एसएमबी, प्रत्येकाकडे हवा. त्याच्या दोरीचं रील बीसीडीला अडकवून फुगा सोडणं ही जिवावरची चूक. दोरी अडकली की तुम्हीही वर जाता. रील हातात धरा, हात पुढे लांब, वर बोट नाही हे बघा, फुग्यात थोडीच हवा भरा आणि सोडा. गुंता झाला तर रीलच सोडून द्या.

बोटीवर

घाटात उलटी होऊ नये म्हणून आपल्याकडे अव्होमिन घेतात. ती झोप आणते आणि त्या गुंगीत पाण्यात उतरायचं नाही. कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा आणि निघायच्या आदल्या रविवारी घरीच घेऊन बघा.

केबिनमध्ये रात्रभर कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावू नका. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन या डाइव्ह बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेले ३४ जण गेले. चढल्या दिवशी केबिनमधून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे ते विचारा आणि एकदा तिने स्वतः चालून बघा. कोणी हसलं तर हसू दे.

कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी, एसीच्या खोलीत बंद करा, दमट डेकवर नको, नाहीतर आत धुकं धरतं. ओ-रिंगवर एक केस राहिला तरी पाणी शिरतं.

प्रवाळाला हात लावू नका, हे सगळेच सांगतात. त्यापेक्षा फिन कुठे आहेत ते बघा, नुकसान बहुधा मागच्या बाजूनेच होतं. गोळ्यासारखा वाढणारा दगडी प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. १९९८, २०१६ आणि २०२४ च्या उष्ण पाण्याने आधीच पांढरे पडलेले कडे आहेत हे. आणि देव्हाऱ्यात किंवा शोकेसमध्ये ठेवायला प्रवाळाचा मेलेला तुकडाही आणू नका. मालदीवमधून तो न्यायला बंदी आहे, आणि आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत.

घाट चढायची घाई

किनाऱ्यावरच्या माणसाला हा प्रश्न नाही, आपल्याला आहे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, चोर्ला त्याहून थोडा वर. एका साध्या डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर १८ तास विमानात बसू नये, हा नियम साधारण ६०० मीटरपासून वरच्या उंचीच्या दाबासाठी आहे, आणि आपलं गाव त्यात बसतं. घाटाचा धोका विमानापेक्षा कमी. पण आठवडाभर अंगात मुरलेला नायट्रोजन कमी दाबाला बुडबुडे धरू शकतो, शून्य धोका नव्हे. लाइव्हअबोर्डवर शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी २४ तास मोकळे ठेवा, म्हणजे पुढे घाटाचीही चिंता नाही.

फसगत होते ती जवळच्या ट्रिपमध्ये. नेत्राणीला शनिवार-रविवार डाइव्ह, शेवटची दुपारी बाराला संपली, जेवण करून अंकोल्याहून अरबैल घाट चढून रात्री घरी. अठरा तास सोमवारी पहाटे सहाला पुरे होतात. मुक्काम किनाऱ्यावर करा, सुट्टी एक दिवस जास्त टाका. मालवणच्या सात-आठ मीटरच्या ट्राय डाइव्हनंतर आंबोली चढण्यात धोका अगदी थोडा असला, तरी बारा तासांचा नियम तिलाही आहे.

घरी आल्यावर खांदा किंवा कोपर दुखतं, मुंग्या येतात, अंगावर चट्टे, नको तेवढा थकवा. ही त्याच नायट्रोजनच्या बुडबुड्यांची लक्षणं असू शकतात. बॅगा उचलल्याने दुखत असेल म्हणून बाम चोळत बसणं ही शेवटची चूक. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य "डायव्हिंग करून आलोय" हे असू द्या, नाहीतर सांधेदुखीची गोळी घेऊन परत याल. शंभर टक्के ऑक्सिजन मागा. शेवटची डाइव्ह किती खोल, किती मिनिटं, वर कधी आलात आणि घाट कधी चढलात, हे कागदावर लिहून कॉम्प्युटरसकट डॉक्टरांच्या हातात द्या.