पाचवीच्या मुलांना इंग्रजी कसे शिकवावे

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे पाचवीत आलेल्या मुलाच्या गाठीशी चार वर्षांचे इंग्रजी असते. तरीही 'सी-ए-टी कॅट' असे तालात म्हणणारे मूल फळ्यावर 'मॅट' लिहिले की अडखळते, कारण पहिला शब्द त्याने पाठ केलेला असतो, वाचलेला नसतो. पाचवीचे वर्ष आधी या अडचणीसाठी द्यावे असे माझे ठाम मत आहे. व्याकरणाच्या व्याख्या पुढच्या वर्गातही शिकता येतात.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या आठवड्यात पुस्तकाला हात न लावता एकेका मुलाला जवळ बसवावे, दहा सोपे शब्द वाचायला द्यावेत आणि कोणाला अक्षरे ओळखता येतात, कोणाला आवाज जोडता येतात, कोण नुसता अंदाज करतो, हे वहीत टिपून ठेवावे. ही तपासणी वर्गासमोर करू नये. या वयातले मूल एकदा लाजले की पुढे महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही.

त्यानंतर आवाजांकडे वळावे. मराठीत 'क' या अक्षराचे नाव आणि आवाज एकच असतो; इंग्रजीत 'सी' या नावात 'स' ऐकू येतो आणि 'कॅट'मध्ये मात्र 'क' निघतो. हा फरक मुलांना स्पष्ट सांगावा लागतो, आपोआप तो कोणालाच कळत नाही. सुरुवात एस, ए, टी, पी, आय आणि एन या सहा अक्षरांपासून करावी, कारण तेवढ्यातूनच पिन, टिन, पॅन, टॅप, सिट, नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची अक्षरपत्ते बनवावीत आणि मुलांना स्वतः शब्द जुळवू द्यावेत. बी आणि डी ही दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात घेऊ नयेत. कोणी 'बॅट'ला 'ब्याट' म्हटले तर हसू नये, आपण योग्य उच्चार करून पुढे जावे. पुस्तकातल्या इंग्रजी ओळीवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची सवय मात्र पहिल्याच महिन्यात मोडावी. तो आधार असेपर्यंत मुलाची नजर इंग्रजी अक्षरांवर टिकतच नाही.

वाक्यरचनेसाठी तीन मुलांना समोर उभे करावे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून 'मी आंबा खातो' याचे मूल सहज 'आय मँगो ईट' करते. तिघांच्या हाती एकेक शब्द द्यावा आणि 'ईट' धरलेल्या मुलाने सरकून मध्ये यावे. नियम सांगण्यापेक्षा हे सरकणे मुलांच्या जास्त लक्षात राहते. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवतात. दुसऱ्या दिवशी तेच बैल वर्गात आणायला सांगावे. 'धिस इज माय बुल, इट इज रेड' असे बोलायला तेव्हा कोणाला आग्रह करावा लागत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांना अर्थ त्यांच्या भाषेत सांगू द्यावा, कारण त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा असते.

वाचनाला गावातच भरपूर साहित्य असते. बिस्किटाचा पुडा, साबणाचे वेष्टन, बियाण्याची रिकामी पिशवी, युरियाच्या पोत्यावरचे '४५ केजी'. ओळखीचे अक्षर शोधणे, मग शब्द वाचणे, मग त्याचा अर्थ विचारणे, या क्रमाने ते वापरावे. कीटकनाशकांची वेष्टने मात्र मुलांच्या हाती कधीही देऊ नयेत.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते आणि हजेरी घटते. त्या आठवड्यांत नवे आवाज सुरू करू नयेत, जुन्याच शब्दांची उजळणी घ्यावी. आणि जे मूल आठ दिवसांनी परतेल त्याच्या शेजारी वाचता येणारा सोबती बसवून, अक्षरपत्त्यांचा तोच संच दोघांच्या हाती द्यावा.