अनोळखी चौघांचं डंजन: कमी बोला, पण वेळेवर बोला

फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये ड्यूटी फाइंडरला (आपोआप पार्टी जुळवणारी सोय) नाव लावलं की गेम चार अनोळखी माणसं एकत्र आणतो: एक टँक (शत्रूंचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (बाकीच्यांना बरं करणारा), दोन डीपीएस (मुख्य मारा करणारे). कोणी प्लेस्टेशनवर कंट्रोलर धरून बसलेला असतो, कोणी एक्सबॉक्सवर, कोणी पीसीवर. व्हॉइस चॅट नसतो. डंजनला (शत्रू आणि बॉस मारत शेवट गाठायच्या मोहिमेला) ९० मिनिटांची मर्यादा असली तरी चौघांना खेळ ठाऊक असेल तर पंधरा-पंचवीस मिनिटांत काम उरकतं. एवढ्यात ओळख होत नाही आणि व्हायची गरजही नाही. पुढच्या तीस सेकंदांत तुम्ही काय करणार आहात, एवढं बाकी तिघांना कळलं की पुरे.

आत शिरल्यावरची पहिली वीस सेकंदं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बोलणं याच वेळात होतं. एकदा मारामारी सुरू झाली की टाइप करणारा माणूस म्हणजे हात थांबलेला माणूस. हीलर असेल तर त्याची किंमत टँकच्या जिवाने मोजावी लागते.

नमस्कार करा. तुम्ही जपानी डेटा सेंटरवर खेळत असाल तर सुरुवातीला ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’ आणि शेवटी ‘ओत्सुकारेसामा देशिता’ हा तिथला रिवाज आहे. भाषा येत नसेल तरी अडत नाही. चॅटमध्ये इंग्रजी शब्दाची पहिली काही अक्षरं लिहून टॅब दाबला की गेमचा स्वतःचा शब्दकोश उघडतो. त्यातून निवडलेलं वाक्य हिरव्या-लाल कंसांत दिसतं, आणि समोरच्याचा गेम जपानी, इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच ज्या भाषेत असेल त्या भाषेत त्याला वाचता येतं. मराठी त्यात नाही. पार्टीत दुसरं कोणी मराठी भेटलं तर आनंदच आहे, पण गप्पा डंजन संपल्यावर मारा. पार्टी चॅटमध्ये दोघे आपल्या भाषेत बोलू लागले की उरलेल्या दोघांना आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय असं वाटतं.

मग आपली अडचण असेल तर तीही आत्ताच सांगा. ‘पहिल्यांदाच आलोय’ हे वाक्य लाज वाटून गिळू नका. पार्टीत कोणी नवा असला तर गेम सगळ्यांना तसं कळवतोच आणि जुन्या खेळाडूंना त्यासाठी जास्तीचं बक्षीसही देतो, पण तो नवा नेमका कोण हे सांगत नाही. टँकने ते सांगितलं तर हीलर सावध राहतो. हीलरने सांगितलं तर शहाणा टँक लहान पुल घेतो, म्हणजे एका वेळी थोडेच शत्रू अंगावर ओढतो.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डेटा सेंटर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात आहेत, भारतात नाही. म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त असणारच. जमिनीवर दिसणारा नारिंगी पट्टा नाहीसा होतो त्याच क्षणी मार कोणाला लागणार हे सर्व्हर ठरवून मोकळा होतो. स्फोट नंतर दिसतो. त्यामुळे पट्टा दिसला की अर्धवट टाकलेला स्पेल सोडा आणि निघा. ‘मी बाहेर होतो तरी लागलं’ ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने होते. पिंग खरंच वाईट असेल तर आधीच कळवा. पावसाळ्यात लाईट जायची शक्यता असेल तर तेही.

पुल किती मोठा?

अनोळखी पार्टीत सर्वात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात. डंजनची रचना बहुतेक वेळा अशी असते की शत्रूंचे दोन घोळके ओलांडले की दार बंद आढळतं आणि ते मारल्याशिवाय उघडत नाही. जुने खेळाडू दोन्ही घोळके एकदम दारापर्यंत ओढून नेतात. नव्या टँकला हे माहीत नसतं, किंवा माहीत असूनही झेपत नसतं. सुरुवातीच्या लेव्हलला टँककडे बचावाचं मुख्य साधन एकच, रॅम्पार्ट: २० सेकंद मार २० टक्क्यांनी कमी, मग पुन्हा वापरायला ९० सेकंदांची वाट. पहिल्या घोळक्यावरच ते खर्ची पडलं की दुसऱ्याला तोंड द्यायला ढाल उरत नाही.

म्हणून टँकने दारातच विचारावं: ‘मोठा पुल चालेल?’ हीलरचं उत्तर अंतिम मानावं. उत्तर आलं नाही तर पहिला घोळका एकटाच घ्या आणि हीलरचा एमपी (जादूसाठी लागणारी शिल्लक) बघा. लढाई संपताना निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर पुढच्या वेळी दोन घ्या. पळताना मागे वळून बघा. हीलिंगची पोच ३० याल्म (गेममधलं अंतराचं माप) असते आणि कोपऱ्याआड गेलात की तीही उपयोगाची नाही. सुसाट पळालेला टँक मेला तर तो दोष हीलरचा नसतो.

टँक हळू चाललाय म्हणून डीपीएसने पुढे जाऊन शत्रू अंगावर घेणं हा उघड उद्धटपणा आहे. पण त्यावर ‘तू ओढलेस, तूच मर’ म्हणत हात बांधून उभा राहणारा टँकही तितकाच चुकतो. आधी शत्रू आपल्याकडे ओढून घ्या, लढाई संपवा आणि मग एका ओळीत सांगा: ‘मला सवय होईपर्यंत पुल मीच घेतो, चालेल ना?’ हे बहुतेक जण ऐकतात.

बोट दाखवण्याआधी काय तपासाल

शत्रू टँकला सोडून हीलरच्या मागे लागले, तर टँकची स्टान्स (शत्रूंचं लक्ष टँककडे ठेवणारी क्षमता) बंद असण्याची शक्यता सर्वात मोठी. टँकच्या प्रत्येक प्रकारात तिचं नाव वेगळं: पॅलॅडिनची आयर्न विल, वॉरियरची डिफायन्स, डार्क नाइटची ग्रिट, गनब्रेकरची रॉयल गार्ड. टँकच्या नावाशेजारी तो आयकॉन आहे का बघा. ‘अ‍ॅग्रो (शत्रूंचं लक्ष) धरता येत नाही का?’ असं विचारलं की माणूस चिडतो. ‘स्टान्स चालू आहे ना?’ विचारलं की तो बटण दाबतो. लढाई फार लांबत असेल तर कोणीतरी दहा शत्रूंना एकेक करून मारतंय. त्याला ‘तीन किंवा जास्त असतील तर एओई (एकदम अनेकांना लागणारा मारा) वापर’ एवढंच सांगा. आकडे मोजणारी बाहेरची साधनं या गेममध्ये नियमबाह्य आहेत, त्यामुळे ‘तुझा डॅमेज एवढाच’ म्हणून टोमणा मारणारा स्वतःच अडचणीत येतो.

वाक्याची रचना अशी ठेवा: कधी, कुठे, काय. माणसाचं नाव नको, विशेषण नको.

सस्ताशा हे लेव्हल १५ चं, मुख्य कथेतलं पहिलं डंजन घ्या. सुरुवातीला रक्ताने माखलेली एक चिठ्ठी सापडते. पुढे लाल, हिरव्या, निळ्या पोवळ्यांपैकी कशाला हात लावायचा याचं उत्तर तिच्यात असतं आणि ते दर खेपेला बदलतं. जुना खेळाडू चिठ्ठी झटकन वाचून पुढे धावतो, नवा मात्र आपण इथे का आलो या विचारात राहतो. इथे अर्धं मिनिट थांबा आणि चिठ्ठी नव्याला वाचू द्या. शेवटच्या बॉसपाशी, डेन्नकडे, पाण्याच्या जाळीवर बुडबुडे येतात; त्यावर क्लिक केलं नाही तर तिथून आणखी सहागिन (माशांसारखे शत्रू) बाहेर पडतात. दारात सांगायचं वाक्य: ‘बुडबुडे दिसले की जवळच्या डीपीएसने क्लिक करा.’ पंधरा ओळींचा मॅक्रो (आधीच लिहून ठेवलेला संदेश) आवाजासकट चिकटवलात तर कोणी वाचत नाही, आणि ज्याला गरज असते तो सर्वात आधी गोंधळतो.

बॉसपाशी पोहोचल्यावर पार्टी लिस्टमध्ये कोणाच्या नावाशेजारी कटसीनची (कथेचं दृश्य पाहत असल्याची) खूण आहे का ते बघा. असेल तर थांबा. लढाई सुरू झाली की १५ सेकंदांत रिंगण बंद होतं आणि मागे राहिलेला बाहेरच अडकतो. ज्याच्यासाठी ही कथा आहे त्यालाच ती पाहता येऊ नये, हे काही बरं नाही.

वाइप झाल्यावर

पहिली वाइप (म्हणजे चौघंही मेले): काही बोलू नका, किंवा फक्त ‘ठीक आहे, पुन्हा’. कशामुळे मेलो हे बहुतेकांना स्वतःलाच कळलेलं असतं. त्याच जागी दुसऱ्यांदा झाली तर पुढच्या पुलआधी एकच सूचना, एकच. तिसऱ्यांदा झाली तर विचारा: ‘कोणता भाग समजावून सांगू?’ आणि शत्रूंवर क्रमांकाच्या खुणा लावा. खुणेला भाषा लागत नाही.

उत्तर आलं नाही म्हणून समोरचा गुर्मीत आहे असं धरू नका. कंट्रोलरवर एक वाक्य टाइप करायला अर्धं मिनिट जातं. कोणाचं कनेक्शन तुटलं तर दोन-तीन मिनिटं थांबा. परत लॉगइन केलं की तो त्याच डंजनमध्ये येतो.

संयम सुटायला लागला की हिशोब करा. मध्येच निघून गेलात तर ३० मिनिटं पुन्हा नाव लावता येत नाही, वर डीपीएस असाल तर रांग आहेच. एका वाइपने तीन-चार मिनिटं जातात. म्हणजे पाच-सहा वाइप झाल्या तरी थांबणंच स्वस्त पडतं. शिवीगाळ करणाऱ्याशी मात्र हुज्जत घालू नका. ब्लॅकलिस्टमध्ये टाका, डंजन संपवा, मग रिपोर्ट करा. एखाद्याला पार्टीतून काढून टाकण्याचं मतदान भर लढाईत सुरू करता येत नाही, आणि नवखेपणासाठी ते वापरूच नये.

शेवटी कमेंडेशनचं (सहखेळाडूला द्यायच्या शाबासकीचं) एकच मत असतं. टँक-हीलरला ते सवयीने मिळतंच. वाइपनंतर गप्प न बसता ‘पुन्हा करूया’ म्हणणारा डीपीएस असेल तर त्याला द्या.